डबा न आणलेल्या दिवशी मुंबईकर कुठे जेवतो : स्थानिकांची उपाहारगृहे शोधण्याची आणि तिथे जेवण्याची रीत

मुंबईत नव्याने आलेल्या माणसाने ‘इथे चांगले कुठे मिळते?’ असे विचारले, की त्याला बहुतेक वेळा तीच पाच-सहा नावे ऐकायला मिळतात. ती ठिकाणे वाईट नसतात, पण सांगणारा माणूस पाहुण्याच्या सोयीचे उत्तर देत असतो आणि स्वतः तिथे वर्षातून एखाद्या वेळीच जातो. म्हणून आधी आपला प्रश्न बदलावा. बँकेतील शिपाई, टपाल कार्यालयातील कारकून, फुलबाजारातील हमाल, शाळेच्या फाटकावरचा रखवालदार यांच्यापैकी कोणालाही विचारावे, की ‘डबा आणला नाही, तर तुम्ही कुठे जेवता?’ या प्रश्नाला मुंबईकर विचार न करता उत्तर देतो, कारण तो पत्ता त्याच्या पायांना ठाऊक असतो. नावाबरोबर तो न विचारता आणखी दोन गोष्टी सांगतो : किती वाजता जायचे आणि काय मागवायचे. याच दोन गोष्टींना मी नावापेक्षा अधिक किंमत देतो आणि पुढचे सारे मार्गदर्शन त्यांच्याभोवतीच आहे.

मुंबईतील जुनी उपाहारगृहे हौसेने बाहेर जेवणाऱ्यांसाठी निघालेली नाहीत. कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार एका खोलीत दहा-पंधरा जण राहत आणि पाळीनुसार खाणावळीत जेवत. परळ-लालबागच्या चाळींत अशा खाणावळी घरोघरी स्त्रिया चालवीत असत. सावकाराच्या कर्जात अडकलेल्या या स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, यावरून या खाणावळींचा पसारा केवढा असेल, याची कल्पना येते. कर्नाटकच्या किनाऱ्यावरून आलेल्यांनी माटुंग्यात दाक्षिणात्य नोकरदारांसाठी भोजनगृहे काढली. इराणातील यझ्द आणि केरमान भागांतून आलेल्यांनी नाक्यानाक्यावर चहा आणि पाव मांडला. कोपऱ्यावरची जागा अशुभ मानून इतर व्यापारी ती घेत नसत, म्हणून ती इराण्यांना मिळाली, असे सांगितले जाते. प्रत्येक ठिकाण कोणा तरी कामकऱ्याच्या घड्याळाशी बांधलेले होते. ते गिऱ्हाईक आज बदलले असले, तरी घड्याळ पुष्कळ ठिकाणी तेच राहिले आहे. ते न पाहता गेलेल्याला चांगल्या जागी सुद्धा उरलेसुरले खावे लागते.

वेळ आणि वार

दुपारच्या जेवणाची वेळ साधारण साडेबारा ते अडीच अशी धरावी. त्यातही पहिल्या अर्ध्या तासात पोचणे उत्तम, कारण मासळीचे चांगले प्रकार दीडच्या सुमारास संपू लागतात आणि दोननंतर फळ्यावरची नावे एकेक करून पुसली जातात. साडेतीन ते सात या वेळात बहुतेक खाणावळी बंद असतात. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत पावणेचारला उपाशीपोटी एका बंद दारासमोर उभा राहिलो आहे. आतून भांडी घासल्याचे आवाज येत होते आणि मला शेजारच्या टपरीवर चहा-बिस्किटावर भागवावे लागले. न्याहारीची ठिकाणे मात्र याच्या उलट चालतात. माटुंगा स्थानकासमोरचे राम आश्रय पहाटे पाचला उघडते आणि सकाळी फिरायला निघालेले वृद्ध, रात्रपाळी संपवून घरी निघालेले कामगार आणि महाविद्यालयातील मुले यांची तिथे एकाच वेळी गाठ पडते.

वाराचे भान वेळेइतकेच महत्त्वाचे आहे. मासेखाऊ मराठी कुटुंबांत सोमवार, गुरुवार आणि पुष्कळांच्या घरी मंगळवार किंवा शनिवारही शाकाहाराचा असतो. म्हणून बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे वशाटाचे, म्हणजे मांसाहाराचे, वार ठरतात. त्या दिवशी मालवणी आणि गोमंतकीय खाणावळींत गर्दी असते, पण मासळीही त्याच दिवशी अधिक आणि ताजी येते, त्यामुळे गर्दी सोसून त्याच वारी जावे असे मी सुचवीन. वांद्रे पूर्वेचे हायवे गोमांतक गुरुवारी बंदच असते. माटुंग्याचे कॅफे मद्रास आणि रामा नायक यांचे उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग सोमवारी बंद असतात. फोर्ट हा कचेऱ्यांचा भाग असल्यामुळे तिथली अनेक लंच होम्स रविवारी उघडत नाहीत. सुटीचे वार मध्येच बदलतात, म्हणून लांबून येणाऱ्याने निघण्यापूर्वी एक फोन करावा.

मासळीच्या खाणावळीत कसे जेवावे

या भागावर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण नवख्याची सर्वांत जास्त फसगत इथेच होते आणि जमले, तर सर्वांत मोठा आनंदही इथेच मिळतो.

प्रथम पाटी नीट वाचावी. ‘मालवणी’ आणि ‘गोमांतक’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जात असले, तरी दोन्ही ठिकाणचे कालवण सारखे नसते. गोमंतकीय पद्धतीच्या हुमणात ओल्या नारळाचे मऊ वाटण, आंबटपणासाठी कोकम आणि बांगड्यासारख्या माशाला तिरफळ असते. मालवणी रश्श्यात भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचे वाटण आणि मालवणी मसाला असल्यामुळे तो रंगाने गडद आणि चवीने झणझणीत लागतो. कोंबडी-वडे खायचे असतील, तर मालवणी ठिकाणच निवडावे. तिथले वडे तांदूळ, उडीद वगैरेंच्या जाडसर पिठाचे तळलेले असतात आणि रश्श्यात बुडवूनच खायचे असतात. दादरमध्ये गोमांतक, सिंधुदुर्ग आणि चैतन्य ही तीन ठिकाणे परस्परांपासून फार दूर नाहीत; लागोपाठच्या तीन आठवड्यांत तिन्हींकडे बांगड्याची थाळी खाऊन पाहिली, तर हा फरक जिभेला कायमचा समजतो. फोर्टमध्ये कामानिमित्त जाणे झाले, तर प्रदीप गोमांतक भोजनालय लक्षात ठेवावे.

दुसरी गोष्ट म्हणजे पापलेट आणि सुरमई यांच्यापलीकडे पाहावे. हे दोन मासे महाग असतात, बाराही महिने मागणीत असतात आणि म्हणूनच शीतगृहातून येण्याची शक्यताही त्यांचीच अधिक असते. रोजचा गिऱ्हाईक काय मागवतो ते शेजारच्या ताटांत पाहावे. तिथे बहुधा बांगडा, मांदेली, तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) सुके, बोंबील किंवा मोरीचे, म्हणजे लहान शार्क माशाचे, मटण दिसेल. मांदेली कुरकुरीत तळलेली असली, की काट्यासकट खाता येते. ओला बोंबील दाबून पाणी काढलेला आणि रव्यात घोळवून तळलेला असावा. तो मऊ आणि पाणचट निघाला, तर त्या स्वयंपाकघराने घाई केली असे समजावे. वाढप्याला ‘आज काय ताजे आहे?’ असे विचारले, तर तो ‘सगळे ताजे आहे’ असेच म्हणणार. त्याऐवजी ‘आज बाजारातून काय आले?’ असे विचारावे. या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर मिळण्याचा माझा अनुभव आहे.

महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी असते. त्या दोन महिन्यांत मोठ्या माशाचा आग्रह धरू नये. कोकणी घराप्रमाणेच चांगली खाणावळही तेव्हा सुक्या मासळीकडे वळते : सुकटीची चटणी, सोड्यांचे (सुकवलेल्या कोळंबीचे) कालवण, सुक्या बोंबलाचे तिखले. पावसाच्या दिवसांत गरम भाताबरोबर सोड्यांचे कालवण खाण्यासाठी मी मुद्दाम वाट वाकडी करतो. पुढे श्रावण लागला, की मांसाहारी खाणावळींतील गर्दी ओसरते. श्रावण न पाळणाऱ्यासाठी निवांत बसून जेवण्याचा तोच काळ.

थाळी आल्यावरही एक क्रम आहे. तळलेला तुकडा आणि सुके हे पोळीबरोबर किंवा भाकरीबरोबर आधी खावे, कालवण भातावर घ्यावे आणि सोलकढी शेवटच्या भातासाठी व पिण्यासाठी राखून ठेवावी. कोकमाचे आगळ आणि नारळाचे दूध यांची ही कढी तिखटाचा दाह उतरवते. ती आरंभीच संपवणारे पुढे पाण्यावर पाणी मागत राहतात. भाकरी तांदळाची असेल, तर पोळीपेक्षा तिलाच पसंती द्यावी.

दादर, लालबाग आणि गिरगाव : शाकाहारी न्याहारीचा पट्टा

मराठी शाकाहारी न्याहारी ही मुंबईची मोठी ठेव आहे आणि तिची योग्य दखल बाहेरचे लोक क्वचितच घेतात. दादर स्थानकाच्या पश्चिमेला उतरून फुलबाजार ओलांडला, की 1910 सालापासून चालत आलेले मामा काणे यांचे स्वच्छ उपहारगृह लागते. तिथे बटाटावडा मागवावा. स्थानकाबाहेरच्या हातगाड्यांवरच्या वड्याहून हा वडा वेगळ्या वळणाचा, घरगुती चवीचा आहे. पावाबरोबरचा वडा हवा असेल, तर त्याचाही उगम याच परिसरातला. 1966 साली दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी वडा आणि पाव एकत्र विकायला सुरुवात केली, असे मानले जाते. प्रभादेवीला कीर्ती महाविद्यालयाच्या गल्लीतील वडापाव तिथल्या कुरकुरीत चुऱ्यासाठी प्रसिद्ध आहे. मागताना ‘चुरा जास्त’ म्हणायला विसरू नये.

शिवसेना भवनाच्या परिसरातील प्रकाशमध्ये साबुदाणावडा, थालीपीठ आणि पीयूष या तीन गोष्टींसाठी जावे. पीयूष म्हणजे श्रीखंड आणि ताक एकजीव करून केशर-जायफळ घातलेले दाट पेय. ते शेवटी घ्यावे आणि दोघांत एक पुरते. एकादशी किंवा संकष्टी असेल त्या दिवशी अशा ठिकाणी साबुदाणावड्यासाठी रांग लागते. उपवास नसलेल्याने त्या दिवशी दुसरे काही मागवले, तर काम लवकर होते.

लालबागला भारतमाता चित्रपटगृहाजवळचे लाडू सम्राट हे माझे सर्वांत आवडते ठिकाण आहे. मिसळ, कोथिंबीरवडी आणि साबुदाणावडा यांसाठी तिथे परळच्या रुग्णालयांतील रुग्णांचे नातेवाईक, आसपासच्या चाळींतील रहिवासी आणि नव्या उंच इमारतींतील कर्मचारी एकाच रांगेत उभे असतात. खाऊन झाल्यावर तिथून चिवडा गल्लीत आणि मिरची गल्लीत चालत जावे. मार्च ते मे या दिवसांत मसाल्याच्या डंकांचा आवाज आणि मिरचीचा ठसका रस्त्यापर्यंत येतो, आणि मुंबईच्या कानाकोपऱ्यांतील घरांचा वर्षाचा मसाला इथे कुटला जातो. मालवणी कालवणाची चव घरी न्यायची असेल, तर मसाला इथूनच घ्यावा.

गिरगावात ठाकूरद्वारजवळचे विनय हेल्थ होम मिसळीसाठी आणि त्याच परिसरातील पणशीकर उपवासाच्या पदार्थांसाठी जुन्या रहिवाशांच्या तोंडी असते. चर्नी रोड स्थानकावरून चालत जाता येते आणि 2025 पासून गिरगावला भुयारी मेट्रोचे स्थानकही झाले आहे. मिसळ मागवताना तर्री बाजूला मागावी. एकदा ओतलेली तर्री काढता येत नाही. इथेच खोताच्या वाडीत अनंताश्रम नावाची खाणावळ होती. तिच्या माशाच्या आमटीबद्दल गिरगावकर आजही हळवे होऊन बोलतात. ती बंद झाली. जायचे ठरवून लांबणीवर टाकलेले ठिकाण या शहरात किती सहज नाहीसे होते, हे मला तिथे कळले आणि तेव्हापासून ‘पुढच्या खेपेला’ हा शब्द मी खाणावळींच्या बाबतीत वापरत नाही.

माटुंगा, इराणी आणि इतर

माटुंग्यात दोन वेळची दोन ठिकाणे ठरवावीत. सकाळी राम आश्रयमध्ये इडली, उपमा आणि अननसाचा शिरा घ्यावा. भिंतीवरचा फळा आधी वाचावा, कारण त्या दिवशीचे पदार्थ त्यावर लिहिलेले असतात. किंवा किंग्ज सर्कलजवळ 1940 साली सुरू झालेल्या कॅफे मद्रासमध्ये रसम-वडा आणि नाचणीचा डोसा घ्यावा. दुपारी स्थानकाशेजारच्या बाजाराच्या पहिल्या मजल्यावर 1942 पासून चालणाऱ्या रामा नायक यांच्या भोजनगृहात केळीच्या पानावर जेवावे. टोकन घेऊन थांबावे लागते, पण स्वयंपाकघर पाहू दिले जाते आणि त्याची स्वच्छता पाहूनच पुष्कळांची भूक वाढते. पानावर रसम-भात वाढला, की भाताचे आळे करून त्यात रसम घ्यावे, म्हणजे ते पानाबाहेर ओघळत नाही. फिल्टर कॉफी वाटी-पेल्यात येते आणि ती वाटीत ओतूनच थंड करायची असते.

इराण्याकडे जेवायला जाण्याचा हट्ट धरू नये. तिथे चहा-पावासाठी जावे. धोबी तलावाचे कयानी 1904 पासूनचे आणि फोर्टातील याझदानी बेकरी 1953 पासूनची आहे. बन मऊ असतो, ब्रून कडक पाठीचा असतो. ब्रून-मस्का मागवावा आणि चहात बुडवून खावा. घट्ट चहा हवा असेल, तर ‘पानी कम’ म्हणावे. हे शब्द मराठीत बदलण्याची गरज नाही. 2025 साली लाकूड आणि कोळशाच्या भट्ट्या स्वच्छ इंधनावर नेण्याबाबत उच्च न्यायालयाचे आदेश आले, तेव्हापासून बेकऱ्यांच्या भट्टीचे रूप पालटते आहे. शहराच्या हवेसाठी ते आवश्यकच आहे, असे मला वाटते.

फाळणीनंतर वसलेल्या वस्त्यांची न्याहारीही अवश्य खावी. चेंबूरच्या सिंधी वसाहतीतील विग रिफ्रेशमेंटमध्ये सकाळी दालपकवान मिळते आणि जवळच झामा यांचे गुलाबजाम. शीव कोळीवाड्यात, म्हणजे हार्बर मार्गावरच्या गुरू तेगबहादूर नगर स्थानकाजवळ, गुरुकृपाचे समोसे-छोले आहेत. देशभरच्या हॉटेलांत ‘कोळीवाडा’ नावाने मिळणाऱ्या तळलेल्या कोळंबीचे नावही याच वस्तीवरून पडले. भेंडी बाजारात 1923 पासूनच्या नूर मोहम्मदीमधील नळी-निहारी खाण्यासाठी रमजानच्या गर्दीचे दिवस टाळून इतर महिन्यांत सकाळी जावे, आणि जवळच्या बोहरी मोहल्ल्यात 1887 पासूनच्या ताज आइस्क्रीममध्ये हाताने फिरवलेल्या संच्यातले हंगामी फळांचे आइस्क्रीम खावे. आंब्याच्या आणि सीताफळाच्या दिवसांत ते चुकवू नये.

बसण्या-उठण्याची रीत

या साऱ्या ठिकाणी जागा कमी आणि माणसे फार असतात, त्यामुळे काही संकेत न सांगताच पाळले जातात. चार खुर्च्यांच्या टेबलावर एकटे बसलात, तर अनोळखी माणसे समोर येऊन बसतील. त्यांना नुसती मान हलवून जागा द्यावी. बसण्यापूर्वीच काय घ्यायचे ते ठरवावे, कारण वाढपी एकदाच विचारतो. जेवून झाल्यावर रिकाम्या ताटासमोर गप्पा मारत बसू नये, बाहेर कोणी तरी आपल्या खुर्चीकडे पाहत उभा असतो. पैसे पुष्कळ ठिकाणी टेबलावर न देता दाराजवळच्या गल्ल्यावर द्यायचे असतात. मोबाइलवरून पैसे आता बहुतेक सर्वत्र चालतात, तरी शंभर-दोनशे रुपये सुटे जवळ ठेवावेत. छायाचित्र काढायचे असेल, तर आपल्या ताटाचे काढावे आणि माणसांचे किंवा स्वयंपाकघराचे काढण्यापूर्वी गल्ल्यावरच्या मालकाला विचारावे. भात, आमटी, रसम यांपैकी जे पुन्हा मिळते ते थोडे थोडे मागावे. ताटात टाकून उठणाऱ्याकडे वाढपी बोलत नाही, पण पाहतो.

पहिल्या भेटीत त्या ठिकाणचा एकच पदार्थ मागवावा, ज्याच्यासाठी ते ओळखले जाते. पाच पदार्थ मागवून प्रत्येकाचा एकेक घास घेणाऱ्याला पाचही नीट समजत नाहीत. दुसऱ्या खेपेला त्याच वारी, त्याच वेळेला जावे, म्हणजे वाढपी बहुधा तोच असतो. तिसऱ्या खेपेला तो न विचारता बांगडा आहे की संपला हे सांगतो आणि फळ्यावर न लिहिलेले काही शिल्लक असेल, तर तेही हळूच सांगतो. मला तिसऱ्यांचे एकशिपी कालवण पहिल्यांदा असेच मिळाले.